तहान आणि मैदान

उन्हातान्हातून कोणी दाराशी आला म्हणजे त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. परंतु ज्या घरात ही चाल निष्ठेने पाळली जाई, त्याच घरातील वडील माणसे मैदानावरून धावत आलेल्या मुलास मात्र, 'घामाघूम झाला आहेस, इतक्यात पाण्याला तोंड लावू नकोस, पाणी बाधेल,' असे दटावीत असत. एकाच उंबरठ्यावर एकाची तहान आदराने भागवावयाची आणि दुसऱ्याची धाकाने रोखावयाची, हा विरोध आमच्या वाचकांपैकी अनेकांनी बाळपणी अनुभविला असेल. ही समजूत केवळ आपल्या जुन्या घरांतली असेल असे आम्हांसही वाटत असे. परंतु फुटबॉलच्या इतिहासाची पाने चाळू लागल्यावर असे आढळून आले की, शास्त्रांत अग्रेसर म्हणविणाऱ्या देशांतही खेळाडूचे पाणी असेच, किंबहुना याहूनही कठोरपणे, रोखले जात होते. आणि त्या कठोरपणापायी कित्येक तरुण जिवास मुकले. पाण्याचा पेला मैदानाच्या कडेपर्यंत येऊन पोहोचावयास इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न म्हणूनच केवळ खेळाच्या शोकिनांचा नाही. ज्यांची मुले मैदानावर जातात अशा प्रत्येक कुटुंबाचा आहे.

फुटबॉल ह्या एका नावाखाली आज दोन निराळे खेळ खेळले जातात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आपल्याकडे, युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत जो पायाने खेळतात तो एक. आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून व खांद्यांवर जाड गाद्या बांधून अमेरिकेत खेळतात तो दुसरा. पहिल्यात पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव जवळजवळ अखंड चालतात आणि मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती असते. दुसऱ्यात खेळ पदोपदी थांबतो, परंतु अंगावरील सामान घामास वाळू देत नाही. पाणी मिळण्याची अडचण पहिल्यात अधिक, आणि उष्णता बाहेर टाकण्याची अडचण दुसऱ्यात अधिक. ह्या दोन्ही खेळांच्या कथा आम्ही येथे एकत्र सांगत आहोत, कारण दोघांनाही अखेर एकाच निसर्गनियमापुढे मान तुकवावी लागली.

तो नियम थोडक्यात असा. स्नायू जी शक्ती खर्च करितात तिचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेली सर्व उष्णतेच्या रूपाने अंगात साचू लागते. म्हणजे धावणारा मनुष्य ही एक चालती भट्टीच होय. ही उष्णता बाहेर टाकण्याचे अनेक मार्ग आहेत. पण भोवतालची हवाच अंगाइतकी तापली म्हणजे घाम हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. परंतु तो वाळला पाहिजे. दमट हवेत जो घाम नुसता ठिबकून भुईवर पडतो, तो अंगातील पाणी तेवढे नेतो. उष्णता नेत नाही. जे. एस. हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने १९०५ मध्येच असे दाखवून दिले होते की, मनुष्य किती उष्मा सोसू शकेल हे साध्या तापमापकावरून ठरत नाही, तर ज्याच्या गोळ्याभोवती ओले फडके गुंडाळले आहे अशा तापमापकावरून ठरते. चेन्नईच्या वा मुंबईच्या ३४ अंशांत जीव का कासावीस होतो आणि कोरड्या प्रदेशात त्याहून अधिक अंशही का सोसवतात, ह्याचे उत्तर त्या ओल्या फडक्यात आहे.

उन्हात खेळणारा फुटबॉलपटू तासाला एक ते दोन लिटर घाम सहज गाळतो. अमेरिकन खेळातील धिप्पाड गडी त्याहूनही अधिक गाळतात. हे पाणी रक्तातूनच जाते. रक्ताचे मान घटले की हृदयास अधिक जलद धावावे लागते, आणि त्वचेकडे रक्त पाठवून अंग निववावे की स्नायूंकडे पाठवून खेळ चालू ठेवावा, अशी शरीराची ओढाताण सुरू होते. ओढाताण वाढत गेली की शरीराचे तापमान चढते, पावले लटपटतात, बोलणे असंबद्ध होऊ लागते. आणि वेळीच उपाय न झाल्यास उष्माघाताने मनुष्य दगावतो. ह्यात एक विलक्षण गोष्ट अशी की, तहान ही ह्या हानीची वर्दी नेहमी उशिराच देते. अंगातील बरेचसे पाणी गेल्यावर ती जागी होते आणि थोडेसे पाणी मिळताच शांत होते.

हे सारे कळण्यास फार काळ लागला असेल, असे वाचकांस वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांत सैन्य पाठविण्याची वेळ आली तेव्हा अमेरिकेत ह्या विषयाचा कसून अभ्यास झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उष्ण खोलीत माणसांना तासन्‌तास चालविण्यात आले, आणि १९४४ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्यांना पाणी दिले नाही त्यांचे अंग तापत गेले, ज्यांनी तहानेपुरते पाणी घेतले ते त्यांच्याहून बरे राहिले, आणि जेवढा घाम गेला तेवढे पाणी ज्यांना दिले ते सर्वांत उत्तम राहिले. पुढे १९४७ मध्ये एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील माणसाच्या शरीरव्यापारांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाणी तोडल्याने शरीराची पाण्याची गरज कमी होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. उपासाची जशी सवय करून घेता येते तशी निर्जळ राहण्याची सवय उन्हात राबणाऱ्या शरीरास लावता येत नाही. हे ज्ञान गुप्त नव्हते. छापील ग्रंथांत होते, कोणासही वाचावयास मिळण्यासारखे होते.

तरीही १९५४ च्या सप्टेंबरात जे घडले ते घडलेच. टेक्सास राज्यातील एका कृषी महाविद्यालयाच्या, म्हणजे टेक्सास ए अँड एमच्या, संघाचा भार पॉल ब्रायंट ह्या प्रशिक्षकाने त्याच वर्षी स्वीकारला होता. त्याने आपल्या शंभरावर मुलांस जंक्शन नावाच्या एका दूरच्या गावी नेले. त्या प्रांतात तेव्हा भीषण अवर्षण होते. जमीन दगडगोट्यांची व काटेरी सराट्यांची, आणि पारा फॅरनहाइटच्या शंभर अंशांवर. दहा दिवस तेथे पहाटेपासून कसरत चालली आणि सरावात पाणी बंद ठेवण्यात आले. एक खेळाडू उष्माघाताने मरणाच्या दारी जाऊन परत आला. रात्री-अपरात्री मुले बिऱ्हाड उचलून निघून जाऊ लागली, आणि दहा दिवसांच्या अखेरीस पस्तीसच्या आसपास मुले उरली. त्या वर्षी ह्या संघाने दहांपैकी एकच सामना जिंकला. पण १९५६ मध्ये तोच संघ अजिंक्य राहिला, आणि मग त्या दहा दिवसांची दंतकथा झाली. उरलेल्या मुलांचे पोवाडे गायिले गेले. त्यांच्यावर पुस्तक निघाले, चित्रपटही निघाला.

ह्या दंतकथेतील तर्कदोष आमच्या चतुर वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. जे टिकले ते तहानेमुळे थोर झाले, असे मानण्यास काडीचाही आधार नाही. ते मुळातच काटक होते, म्हणून तहान लागूनही टिकले. जे गेले त्यांत किती चांगले खेळाडू गेले ह्याचा हिशेब कोणीच ठेविला नाही. परंतु येथे प्रश्न तर्काचा नव्हताच. पाणी मागणे म्हणजे दुबळेपणाची कबुली देणे, आणि पाणी नाकारणे म्हणजे मुलांस पुरुष बनविणे, अशी त्या काळच्या अनेक प्रशिक्षकांची प्रामाणिक श्रद्धा होती. त्यांत दुष्टावा नव्हता, आणि हीच त्यातील खरी भीतीची गोष्ट आहे. दुष्टाव्याचा प्रतिकार करिता येतो. सद्‌हेतूने केलेल्या छळास मात्र आईबापही संमती देतात. घाम गाळणाऱ्या मुलास पाण्याऐवजी मिठाच्या गोळ्या चारण्याची पद्धत त्या काळी रूढ होती, ह्यावरून शास्त्राचा अर्धवट तुकडा उचलला म्हणजे काय होते हेही दिसून येते.

ही श्रद्धा उपदेशाने हटली नाही. ती हटली वजनकाट्याने. १९६५ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठातील संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने, ड्वेन डग्लस ह्याने, तेथील मूत्रपिंडविकारांचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांचे सहकारी ह्यांच्यापुढे एक साधा प्रश्न टाकिला : सामन्यात गड्यांचे वजन इतके घटते, आणि तरी सामन्यानंतर त्यांना लघवीस होत नाही, हे कसे? प्रश्न ग्राम्य वाटेल, पण त्यातच सारे मर्म होते. वैद्यांनी खेळाडूंस तोलले, त्यांचा घाम गोळा केला, रक्त तपासले. रक्ताचे मान घटलेले, साखर उतरलेली, क्षारांचा तोल बिघडलेला, असे चित्र दिसले. मूत्रपिंडांत पोहोचावयास पाणीच उरत नव्हते; सारे घामावाटे गेले होते. मग त्यांनी पाण्यात मीठ, साखर आणि इतर क्षार मिसळून एक पेय सिद्ध केले. ते इतके बेचव झाले की कोणाच्या घशाखाली उतरेना. तेव्हा केड ह्यांच्या पत्नीने त्यात लिंबू पिळण्याची सूचना केली. आपल्याकडील कोणतीही गृहिणी हे ऐकून हसेल. पाणी, साखर, मीठ आणि लिंबू ह्यांचा मेळ तिला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवावा लागत नाही.

१९६५ च्या ऑक्टोबरात हे पेय प्रथम नवशिक्या मुलांवर आजमावण्यात आले आणि लागलीच मुख्य संघास देण्यात आले. १९६७ च्या जानेवारीत मायामी येथील 'ऑरेंज बोल' सामन्यात फ्लॉरिडाच्या संघाने जॉर्जिया टेकचा २७–१२ असा पाडाव केला, आणि हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकानेच ह्या पेयाकडे बोट दाखविल्याचे सांगतात. संघाच्या 'गेटर्स' ह्या नावावरून पेयाचे नाव 'गेटोरेड' पडले. पुढे त्याचा प्रचंड व्यापार झाला आणि विद्यापीठाशी हक्कांविषयी वादही झाले. त्या व्यापाराशी आम्हांस कर्तव्य नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, सामना जिंकून देणारी वस्तू म्हणून पाणी मैदानावर आले. प्राण वाचविणारी वस्तू म्हणून ते त्याआधीच यावयास हवे होते. परंतु मनुष्यस्वभावास दयेपेक्षा विजयाची भाषा लवकर समजते.

साखर आणि मीठ ह्यांची जोडी पाण्यास आतड्यांतून रक्तात कशी नेते, ह्याचे रहस्य रॉबर्ट क्रेन ह्यांनी १९६० मध्ये मांडले होते. त्याच तत्त्वाचा ह्याहून थोर उपयोग आपल्या भूमीवर झाला, म्हणून त्याचा येथे उल्लेख करणे उचित होईल. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते शेकडा ३·६ वर आणिले. दोन्ही द्रावणांची मापे निराळी आहेत. पटकीच्या रुग्णास मीठ अधिक लागते, आणि खेळाडूचे पेय त्या रोगावर चालत नाही. तथापि एकाच दशकात एकच कल्पना एकीकडे क्रीडांगणात आणि दुसरीकडे निर्वासितांच्या चिखलात अवतरावी, हा योग चिंतनीय खरा.

आता दुसऱ्या फुटबॉलकडे, म्हणजे आपल्या परिचयाच्या खेळाकडे वळू. येथे अडचण श्रद्धेपेक्षा घड्याळाची होती. १९७० ची विश्वचषक स्पर्धा मेक्सिकोत झाली, आणि युरोपातील लोकांस सायंकाळी दूरचित्रवाणीवर सामने पाहता यावेत म्हणून त्यांपैकी कित्येक भर दुपारी बारा वाजता खेळविण्यात आले. इंग्लंडचा संघ हवेची सवय व्हावी म्हणून काही आठवडे आधीच त्या खंडात दाखल झाला होता. १४ जून रोजी लिऑन येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध तो दोन गोलांनी पुढे होता. जर्मनीने एक फेडला, आणि त्याच सुमारास उपान्त्य सामन्यासाठी ताजा राहावा म्हणून बॉबी चार्लटन ह्या थोर खेळाडूस बाहेर काढण्यात आले. विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची मुभा त्याच वर्षी प्रथम मिळाली होती. इंग्लंड तो सामना ३–२ असा हरला. ह्या एका निर्णयावर तेथे अजून वाद चालतो. पण त्या वादात दुपारचे बारा वाजविणाऱ्या घड्याळास मात्र कोणी फारसा दोष देत नाही.

१९९४ मध्ये हीच स्पर्धा अमेरिकेत, ऐन उन्हाळ्यात झाली. पाणी प्यावयाचे तर खेळाडूने मैदानाच्या कडेस यावे, कडेवरून पाणी आत फेकू नये, असा दंडक होता. आयर्लंडसारख्या थंड देशाच्या खेळाडूंस हा दंडक जीवघेणा आहे, असे त्यांचे प्रशिक्षक जॅक चार्लटन ह्यांनी उघडपणे सांगितले. हे बॉबी चार्लटनचेच वडील बंधू. २४ जून रोजी ऑर्लँडो येथे मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात कडक ऊन होते. चेहरे तांबारलेले आयरिश खेळाडू कडेकडेने पाण्यासाठी झुरत होते. पाण्यावरून आणि पुढे बदली खेळाडूस आत सोडण्यावरून अधिकाऱ्यांशी खटके उडाले. आयर्लंड २–१ असा हरला, आणि चार्लटन ह्यांना दंड होऊन पुढील सामन्यात कडेवर बसण्याची मनाई झाली. ह्या गृहस्थांची जीभ तिखट होती हे मान्य करूनही आम्हांस वाटते की, खेळाडूच्या पाण्यासाठी भांडलेला प्रशिक्षक हा जंक्शनच्या प्रशिक्षकाहून अगदी निराळ्या युगातला होता.

इतिहासाचा लंबक मात्र मधोमध क्वचितच थांबतो. पाणी बंद करणे घातक ठरल्यावर 'तहान लागो न लागो, पीत राहा' असा उपदेश सुरू झाला; पेये विकणाऱ्यांस तो सोयीचाच होता. त्याचे फळही दिसून आले. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी पोटात गेल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते, मेंदूस सूज येते आणि मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन येथील लांब पल्ल्याच्या शर्यतीत ज्या धावपटूंची रक्ततपासणी झाली त्यांच्यापैकी शेकडा १३ जणांत हे प्रमाण उतरलेले आढळले, आणि धावताना वजन घटण्याऐवजी ज्यांचे वाढले होते त्यांना हा धोका विशेष होता. २०१४ च्या ऑगस्टात अमेरिकेतच दोन शालेय फुटबॉलपटू अशा अतिजलपानाने दगावले. त्या मुलांना तहानेने नव्हे, तहानेच्या भीतीने मारिले. म्हणून जो विचार आम्ही येथे मांडीत आहो तो 'भरपूर पाणी प्या' एवढाच नाही. पाणी हा जसा शीलाच्या परीक्षेचा विषय नव्हे, तसा तो भाबड्या भक्तीचाही विषय नव्हे. तो मापाचा विषय आहे.

पाण्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत हे २००१ मध्ये एका मृत्यूने शिकविले. मिनेसोटा राज्यातील व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा बलदंड खेळाडू ३१ जुलैच्या सरावात कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. रुग्णालयात त्याचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटच्या वर भरले होते. आदल्या दिवशीच त्याला सराव सोडावा लागला होता. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. ज्याला पैसा, वैद्य आणि पाणी ह्यांपैकी कशाचीच वाण नव्हती असा मनुष्य उष्माघाताने जातो, ह्याने सारा देश हादरला. त्यानंतर २००३ मध्ये तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हंगामाचे पहिले पाच दिवस शरीरास उन्हाची सवय लावण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम झाला; आरंभी पूर्ण सामान अंगावर चढवावयाचे नाही आणि दिवसातून दोनदा सराव करावयाचा नाही, असे ठरले. २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात स्ट्रिंगरच्या नावाने एक संस्था स्थापन झाली. उष्माघाताच्या रोग्यास 'आधी थंड करा, मग हलवा' हा तिच्या शिकवणुकीचा गाभा आहे. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात रोग्यास ताबडतोब बुडविणे हा त्यावरील उत्तम उपाय होय. फॅल्मथ येथील धावण्याच्या शर्यतीत अठरा वर्षांत असे २७४ रुग्ण ह्या रीतीने हाताळले गेले आणि ते सर्व वाचले. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय वैद्यकात दुर्मिळच म्हणावा लागेल. उलट, अमेरिकन फुटबॉलमध्ये १९६० नंतर शंभराहून अधिक खेळाडू उष्माघाताने गेले आहेत. त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा आहे.

मापाचे साधनही हाती होते. १९५७ मध्ये अमेरिकन नौसैनिकांच्या छावण्यांसाठी याग्लू आणि मिनार्ड ह्यांनी एक संयुक्त तापमान सुचविले : ओल्या फडक्याच्या तापमापकाचे सात हिस्से, उन्हात ठेविलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाचे दोन आणि साध्या तापमापकाचा एक. हॉल्डेनचे फडके येथे पुन्हा भेटते. ह्याच संयुक्त मापाने ३२ अंश ओलांडल्यास प्रत्येक डावात सुमारे तीस मिनिटांनंतर खेळ थांबवावा, असे जागतिक फुटबॉल संघटनेचे धोरण होते. आणि २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाच्या वेळी तेथील कामगार न्यायालयाने ते सक्तीचे केले. खेळाडू हा मजूर आहे आणि उन्हात राबणाऱ्या मजुराचे जे हक्क ते त्याचेही हक्क, ही दृष्टी आम्हांस विशेष मोलाची वाटते. त्या स्पर्धेत २९ जून रोजी फोर्तालेझा येथे दुपारी एक वाजता सुरू झालेल्या सामन्यात मेक्सिको नेदरलँड्सविरुद्ध एका गोलाने पुढे होता. उत्तरार्धातील पाण्याच्या थांब्यात डच प्रशिक्षक लुई व्हॅन गाल ह्यांनी खेळाची रचनाच बदलली. अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल करून त्यांचा संघ जिंकला. १९६५ प्रमाणेच येथेही पाण्याने विजयाची भाषा बोलून दाखविली! २०१९ पासून खेळाच्या नियमांतच एक मिनिटाचा जलपानाचा थांबा आणि दीड ते तीन मिनिटांचा अंग निवविण्याचा थांबा असे दोन प्रकार स्पष्टपणे नमूद झाले. कतारमधील विश्वचषक तर २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलावा लागला. उन्हाळ्यापुढे अखेर पंचांगानेच हार खाल्ली.

आजचा जाणता संघ उन्हाची तयारी कशी करितो, हे आता सहज समजेल. सामन्याच्या दहा ते चौदा दिवस आधी तो तशाच हवेत हळूहळू सराव वाढवितो. तेवढ्या अवधीत रक्तातील द्रवाचे मान वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. सामन्याच्या चार तास आधी वजनाच्या दर किलोमागे पाचसात मिलिलिटर पाणी सावकाश घेतले जाते. सकाळच्या लघवीचा रंग पाहिला जातो. तो गडद असेल तर कालची उणीव भरून निघालेली नाही असे समजावे. खेळापूर्वी आणि खेळानंतर प्रत्येकास तोलले जाते. शेकडा दोनांहून अधिक वजन घटले तर पाणी कमी पडले. वाढले तर अधिक झाले. घटलेल्या दर किलोमागे पुढील काही तासांत सुमारे दीड लिटर पाणी, मीठ असलेल्या अन्नासह, द्यावे लागते. आणि हे माप प्रत्येकाचे निराळे असते. एकाचा घाम पाण्यासारखा, तर दुसऱ्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पडतात. ज्या खेळाडूस ताप, अतिसार किंवा निद्रानाश झाला असेल त्याला त्या दिवशी बाजूस बसविणे, हाही ह्या तयारीचाच भाग होय.

ह्यांतील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. आपल्याकडे फुटबॉल हा बहुतांशी पावसाळ्याचा खेळ होता. तरी त्या दमट हवेतही घाम वाळत नाही हे आपण विसरत असू. आता तर कोल्हापूरच्या शाहू मैदानावर, मुंबईच्या उपनगरांत आणि गोव्याच्या गावोगावी भर उन्हाळ्यातही चेंडू फिरत असतो. सुट्टीतील शिबिरांत दहा-बारा वर्षांची मुले एप्रिल-मेच्या उन्हात धावतात. तेथे एक वजनकाटा, पाण्याचे पिंप, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, बर्फाची लादी आणि एखादे मोठे घमेले किंवा टब ठेवणे फारसे खर्चाचे नाही. खर्च आहे तो एकाच गोष्टीचा, आणि तो म्हणजे एक जुना समज सोडून देण्याचा. शिबिर शोधताना मैदानाची हिरवळ आणि प्रशिक्षकाची कीर्ती ही तर आईबाप पाहतातच. त्याबरोबर 'पाण्यासाठी खेळ कधी थांबवता?' एवढा एक प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. उत्तर देताना प्रशिक्षक हसला, तर मुलाचा हात धरून परत फिरावे.

शौर्य, सहनशीलता, शिस्त हे गुण मैदानावर शिकावयाचेच असतात, आणि ते शिकविणारा खेळ आम्हांस प्रियच आहे. परंतु हरत असताना न खचणे ही सहनशीलता. सोबत्यासाठी धावणे हे शौर्य. ठरल्या वेळी, ठरल्या मापाने पाणी पिणे ही शिस्त. तहान दाबून कोसळणे ह्यांपैकी कशातही बसत नाही. उन्हातून आलेल्या अनोळखी वाटसरूस गूळपाणी देताना आपल्या पूर्वजांनी त्याच्या शीलाची परीक्षा घेतली नाही. मैदानावरून तापून आलेल्या आपल्याच मुलास तेवढा पाहुणचार लाभावा, एवढेच आमचे मागणे आहे.